दसऱ्याआधीचा नाताळ

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे एक सर होते. त्यांनी जन्मात कधी बर्फ पडताना पाहिला नव्हता. चर्चची पायरी चढले नव्हते. केक तर ते तोंडातही घालत नसत, कारण कुठल्याही केकमध्ये अंडं असतंच अशी त्यांची पक्की समजूत होती. पण डिसेंबर लागला की या माणसाला नाताळच्या इंग्रजी कवितांचं असं काही वारं भरायचं की महिनाभर स्टाफरूममध्ये दुसरा विषय निघायची सोय नव्हती. सगळं अनसिंग गाव त्यांना नाताळ सर म्हणायचं. त्यांचं खरं आडनाव मला शाळेत रुजू झाल्यावर चौथ्या महिन्यात हजेरीपत्रकावर कळलं, आणि ते काही माझ्या लक्षात राहिलं नाही.

सर मूळचे आसेगावचे, शेतकऱ्याच्या घरातले. अमरावतीला कॉलेजात असताना त्यांना रद्दीच्या दुकानात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. त्याचा वरचा पुठ्ठा गेलेला, पहिली वीसेक पानं गेलेली, कवींची नावं कुणीतरी कात्रीने कापून नेलेली. का नेली असतील देव जाणे. आत होत्या फक्त नाताळच्या कविता. जुन्या, गाजलेल्या, शंभर-दीडशे वर्षं लोकांच्या तोंडी असलेल्या. कोणती कविता कुणाची हे सरांना कधीच कळलं नाही आणि जाणून घ्यावंसंही वाटलं नाही. मी एकदा म्हटलं, सर, आता मोबाइलवर दोन मिनिटांत सापडेल. त्यावर ते म्हणाले, "मॅडम, जेवाले बसल्यावर आपन वावर कोनाचं हाये हे इचारतो काय?"

त्या कवितांचा त्यांनी आपल्या परीने हिशेबच लावून टाकला होता. फळ्यावर चार शब्द लिहायचे: थंडी, वाट, दार, देणं. नाताळची कुठलीही कविता घ्या, म्हणायचे, या चारातल्या एका तरी गोष्टीपाशी येऊन थांबते. बाहेर मरणाची थंडी असते. कुणीतरी लांबून चालत येत असतं. एक दार असतं, ते उघडतं किंवा उघडत नाही. आणि ज्याच्याजवळ काही नाही तोच काहीतरी देऊन जातो. घंटा, तारा, गोठ्यातली जनावरं हे सगळं मागून येतं. मी मराठी शिकवणारी, कवितेची अशी चार खणांची पेटी करणं मला पटायचं नाही. मी वाद घालायचे आणि हरायचे, कारण मी कुठलीही कविता पुढे केली की सर तिला अचूक एका खणात ठेवून झाकण लावत.

खरी पंचाईत व्हायची थंडीपाशी. वाशीम जिल्ह्यातल्या पोरांना हिमवर्षाव समजावायचा कसा? सर त्यावर एक तोड काढून बसले होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते शेतातून एक अख्खी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, मुळासकट उपटून मोटारसायकलवर आडवी टाकून आणायचे. बोंडं फुटलेली, कापूस लोंबलेला. ती टेबलावर उभी करून म्हणायचे, "हे पाहा पोट्टेहो. झाडाचं झाड झालं अन् बर्फाचा बर्फ." मग पोरांना डोळे मिटायला लावून ते वरून कापूस भुरभुरायचे. पोरं खूश. वर्ग झाडणाऱ्या मावशी सोडून सगळेच खूश.

याचा परिणाम व्हायचा तो झालाच. एका वर्षी नववीच्या चाचणीत सरांनी बर्फाबद्दल पाच वाक्यं लिहायला दिली. एकाने लिहिलं, बर्फ ऊबदार असतो, तिकडचे लोक त्याच्या गाद्या भरतात. दुसरीने लिहिलं, बर्फ बायका सकाळी वेचतात, दव पडलेलं असेल तर वेचत नाहीत, कारण वजनात धरत नाहीत. एका बहाद्दराने तर बर्फात सरकी असते असं चक्क इंग्रजीत लिहून दाखवलं होतं. स्टाफरूममध्ये आम्ही हसून हसून लोटपोट. सर मात्र गंभीरपणे सगळ्यांना अर्धे अर्धे गुण देत बसले. "अर्धी चूक माही हाये ना," एवढंच म्हणाले.

चूक दुरुस्त करायची म्हणून त्यांनी वाशीमहून बर्फाची लादी मागवली. पोत्यात गुंडाळून, भुशात घालून ती बसच्या टपावर चढवली. अनसिंगला उतरेपर्यंत लादीची वीट झाली होती आणि टपावर ठेवलेल्या तुरीच्या पोत्यांचे मालक कंडक्टरशी भांडत होते. उरलेली वीट वर्गात आली. सरांनी ती हातोहात फिरवली, थंडी म्हणजे काय ते अंगाला कळावं म्हणून. तिसऱ्या बाकापर्यंत गेली, चौथ्यावर पोरांनी ती फोडून खाल्ली. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग खोकत होता आणि दोन आया हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभ्या होत्या. पुढच्या वर्षी सर मुकाट्याने पऱ्हाटीवर परत आले.

त्या कविता ते आधी इंग्रजीत वाचत आणि मग आपल्या वऱ्हाडीत सांगत. हे वऱ्हाडी रूपांतर त्यांनी दोनशे पानी वहीत निळ्या शाईने लिहून ठेवलं होतं आणि तपासायला म्हणून माझ्याकडे आणून दिलं होतं. मी प्रमाण मराठीतल्या दुरुस्त्या सुचवल्या. त्यांनी एकही घेतली नाही. मग कशाला दाखवलं, असं मी जरा चिडूनच विचारलं, तर म्हणाले, "तुमाले आवडते का नाही ते पाहाचं होतं. दुरुस्ती कोनं मांगतली?" त्यातली त्यांची सगळ्यात लाडकी कविता दाराची होती. पोटुशी बाई आणि तिचा नवरा परक्या गावात थंडीत दारं ठोठावत फिरतात, सराईवाला जागा नाही म्हणतो, शेवटी गोठ्यात बाळ जन्मतं. त्यातल्या दोन ओळी मला तेव्हाच पाठ झाल्या:

दिवस भरले बाईचे, वाट सरता सरेना,
साऱ्या गावात दारं शंभर, एकही कोनी उघडेना.

या सराईवाल्यावर सरांचा भारी राग. त्याचं वर्णन करताना त्यांचा आवाज चढायचा, मफलर सुटायचा. पोरांनाही तो प्रसंग माहीत असल्यामुळे ती आधीच सरसावून बसत. नाताळच्या दिवशी सुट्टी असायची तेव्हा सर आम्हा दोन-तीन जणांना घरी जेवायला बोलवत. केक नव्हताच. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर कणकेचे जाडजूड रोडगे भाजत, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. तेव्हाही रोडगा चुरता चुरता सर सराईवाल्याला दोन शब्द सुनावल्याशिवाय राहत नसत. काकू ऐकत ऐकत तूप वाढायच्या आणि आत जायच्या.

अशी पाच वर्षं गेली. सहाव्या वर्षी जून महिन्यात, नुकतीच दहावीत आलेली निकिता नावाची मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. ती जवळच्या तांड्यावरची. तिचे आई-वडील दर वर्षी ऊसतोडीला पश्चिमेकडे साखर कारखान्यावर जात, दसऱ्याच्या सुमाराला निघत ते उन्हाळ्यात परत येत. निकिताही त्यांच्याबरोबर जायची. ती सरांना म्हणाली, "सर, तुमी नाताळच्या कविता सांगता म्हंते. सारे पोट्टे त्याच्यावरच बोलत राह्यतात. आमी तं कधी आयकल्याच नाही. डिसेंबरात आमी कारखान्यावर असतो."

सर खुर्चीत नीट बसले. मग त्यांनी मागल्या वर्षीचा हजेरीपट काढला आणि बोट ठेवून नावं मोजायला लागले. तांड्यावरची सात मुलं त्या वर्गात होती. सातही दर डिसेंबरात गैरहजर. मला म्हणाले, "मॅडम, थंडीत वाट चालनारे लेकरं या वर्गात हे सातच. अन् मी कविता कोनाले सांगून राह्यलो? स्वेटर घालून घरून आलेल्याले." खरं तर त्या रिकाम्या बाकांची मलाही सवय होऊन गेली होती, आणि त्याची मला आज लाज वाटते.

मग सरांनी ठरवलं की नाताळ दसऱ्याआधी करायचा. हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. "अवो सर, नवरात्र चालू हाये, चाचणी तोंडावर आली, अन् तुमी नाताळ कायचा काढता?" सर म्हणाले, "देवाले तारखेचं काही नाही. पोट्टेहीले हाये. त्याहीची गाडी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येते." हेडमास्तरांनी दुपारचे दोन तास दिले, वर सांगितलं की वरून कुणी विचारलं तर मी त्या दिवशी रजेवर होतो.

ऑक्टोबरातलं ते ऊन. पंखा बंद, कारण लाइट गेलेली. सरांनी वातावरणनिर्मितीसाठी काकूंनी विणलेला लाल स्वेटर घातलेला, गळ्यात मफलर गुंडाळलेला, घामाच्या धारा लागलेल्या, आणि ते गोठवणाऱ्या वाऱ्याचं वर्णन करत होते. पऱ्हाटीला तेव्हा नीट बोंडंही फुटली नव्हती, तरी दोन-चार फुटलेली शोधून आणली होती. पोरं वहीने वारा घेत हिमवर्षाव ऐकत होती. तांड्यावरची सातही मुलं पहिल्या दोन बाकांवर होती, मी मागच्या बाकावर. दाराची कविता आली, सराईवाला आला, सरांचा आवाज चढला. आणि निकिताने हात वर केला.

"सर, त्याच्यावर कायले चिडता? त्याच्या घरात खरंच जागा नसन."

सर थबकले. "अन् असली तं?"

"असली तं मंग त्यानं कोनाच्या तरी नावानं राखून ठेवली असन. लोक तसंच करतात."

वर्गात कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. सरांनी कविता पुढे नेली. पण त्या दिवशी त्यांचा मफलर सुटला नाही, हे माझ्या लक्षात आलं.

तास संपल्यावर आम्ही दोघं तांड्यावर गेलो. दहावीचं वर्ष होतं, यंदा निकिता गेली की तिची शाळा सुटली, एवढं स्पष्ट होतं. तिचे वडील प्रेमसिंगभाऊ बाजेवर बसून कोयत्याला मूठ बसवत होते. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, चहा टाकायला सांगितला आणि सरांचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरगी हुशार हाये, मले समजत नाही काय सर? मागच्या सालापर्यंत माही बुढी माय होती, तिच्याजवळ ठेवलं असतं. ते गेली. वसतिगृहात नंबर लागला नाही. आता तरनी पोरगी बंद घरात एकटी ठेवून मी तीनशे कोस जाऊ काय? तुमीच सांगा, कोठी ठेवू?" माझ्याकडे ठेवायची सोय नव्हती. मी तेव्हा जिल्ह्यातल्याच शिरपूरहून रोज बसने जाऊन-येऊन करायचे, एका खोलीत सासू-सासऱ्यांसह पाच माणसं. चहा पिऊन आम्ही परत निघालो.

सरांच्या घरी पोचलो तर काकू मधली खोली शेणाने सारवत होत्या. कापूस वेचायला सुरुवात होणार होती. दर वर्षी ती खोली कापसाने छतापर्यंत भरायची आणि चांगला भाव येईपर्यंत भरलेलीच राहायची, आमच्या भागात हे घरोघरी चालतं. सर ओसरीवर बसून बोलत सुटले. ऊसतोडीच्या मुकादमाला बोलले, वसतिगृहाला बोलले, सरकारला बोलले, शेवटी प्रेमसिंगभाऊंनाही बोलले. काकू हात धुऊन बाहेर आल्या.

"पोरीले आपल्या इथं काहून नाही ठेवत?"

"इथं? कुठी?"

"मधल्या खोलीत."

"मंग कापूस कुठी ठेवू?" सर पटकन बोलून गेले.

काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, "त्या सराईवाल्यानंबी हेच इचारलं असन. तीस वर्सांपासून त्याले शिव्या देऊन राह्यले तुमी, मी आयकून राह्यली."

मी चहाच्या कपात तोंड घातलं. सरांचा चेहरा असा झाला होता की हसावं की रडावं कळेना. त्यांनी एकदा खोलीच्या ओल्या जमिनीकडे बघितलं. मग उठले, मोटारसायकलला किक मारली आणि तांड्याकडे गेले. माझी बस चुकली, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक आला आणि तांडा रिकामा झाला. निकिता एक पत्र्याची पेटी आणि गोधडी घेऊन मधल्या खोलीत राहायला आली. कापूस त्या वर्षी ओसरीवर ताडपत्रीखाली होता, आणि त्याच्या राखणीला ओसरीवर झोपणारे सर कापसातल्या किड्यांमुळे रोज शाळेत खाजवत यायचे. निकिताने पहिल्या आठवड्यात काकूंचं भाकऱ्यांचं काम उचललं, दुसऱ्यात सरांची वही. त्यातल्या चुका काढायला लागली. माझी एकही दुरुस्ती न घेणाऱ्या या माणसाने तिच्या अकरा दुरुस्त्या घेतल्या. मी याबद्दल त्यांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, "ते घरची हाये."

नाताळच्या दिवशी आम्ही नेहमीसारखे रोडगे खायला जमलो. संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला निकिताच्या आईचा फोन यायचा, उसाच्या फडावरून परतल्यावर. त्या दिवशीही आला. निकिता म्हणाली, आज नाताळ हाये, अन् सर म्हंतात का तुमाले कविता आयकवतो. पलीकडून कुणीतरी हाळी दिली, फोनचा आवाज मोठा केला, आणि कोपीसमोर दहा-पंधरा माणसं गोळा झाल्याचा गलका ऐकू आला. उसाच्या पाचटाची ती खोपटं, बाहेर चुली पेटलेल्या, मागे बैलांच्या घंटा. हे सगळं फोनमधून डोळ्यांपुढे उभं राहत होतं. सरांनी वही उघडली. एवढी वर्षं शिकवूनही त्यांना असा वर्ग कधी मिळाला नव्हता.

ते वाचत गेले. पलीकडे हळूहळू शांत झालं. मध्येच एका बाईचा आवाज आला, "कितवा महिना होता तिले?" सरांनी वाचणं थांबवून सांगितलं, "दिवस भरले होते बाई." पलीकडे बायकांमध्ये कुजबुज झाली. सराईवाला आला. सरांनी त्याचं बोलणं यंदा अगदी साध्या आवाजात वाचलं, जागा नाही म्हणाला, दार लावून घेतलं. आणि तिथेच प्रेमसिंगभाऊ बोलले. त्यांना पुढे गोठा आहे हे माहीत नव्हतं.

"सर, त्याहीले इकडं पाठवा. कोपी लहान हाये, पन आमी दोघं भायेर निजतो. बाईले मंदी घेऊ."

इकडे कुणी हसलं नाही. काकू तुपाची वाटी हातात धरून उभ्या होत्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फोनजवळ तोंड नेऊन ते म्हणाले, "हो प्रेमसिंगभाऊ. सांगतो त्याहीले." पुढची कविता त्यांनी वाचलीच नाही. वाचता आली नाही, हे जास्त खरं.

निकिता दहावी झाली, वाशीमला बारावी झाली, आता अकोल्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्यानंतर मधली खोली कधी रिकामी राहिली नाही. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात सर गेले. सकाळी शेतात चक्कर मारायला गेले आणि बांधावर बसल्या बसल्याच संपले. तेराव्याला काकूंनी ती दोनशे पानी वही माझ्या हातात ठेवली. "तुमी मराठीच्या. तुमीच वाचान," म्हणाल्या. मी खूप रडले त्या दिवशी. एवढं माझ्या वडिलांच्या वेळीही रडले नव्हते. काकूंकडे यंदा तीन मुली आहेत, तिघीही तांड्यावरच्या, आणि तिघींचं रोज आंघोळीच्या नंबरावरून भांडण होतं, अशी त्यांची तक्रार असते.

नाताळचा तास आता मी घेते. दसऱ्याआधी, ऑक्टोबरच्या उन्हात. दाराच्या कवितेपाशी आले की वहीतलं पान उघडते. सराईवाल्याच्या ओळींखाली सरांनी गोठ्याच्या जुन्या ओळी काट मारून खोडल्या आहेत आणि लाल शाईत लिहिलं आहे:

कोपी लहान हाये बापा, तरी तुमी मंदी या,
आमी निजतो भायेर, बाईले ऊब घेऊ द्या.

पोरं दर वर्षी विचारतात, मॅडम, ही इंग्रजी कविता लिहिणाऱ्याला आमची कोपी कशी माहीत? मूळ कवितेत असं काही नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.